ओल्या पाऱ्याचं फडकं

पारेमास्तरांना वेळ विचारली की ते आधी मिनिटं सांगत, मग तास. "वीस... आठ." विचारणारा त्याचा अर्थ लावत उभा राही आणि तेवढ्यात त्याची कल्याणची एसटी निघून जाई. वय विचारलं तर आधी महिने, मग वर्षं. लग्नाला किती झाली असं कुणी विचारलं, तर ते डोळे मिटून आधी दिवस मोजायला लागत, तोवर काकू आतून चहा घेऊन येत आणि सांगत, "पुष्कळ झाली म्हणावं."

ते मास्तर नव्हते. जन्मात त्यांनी कुणाला बाराखडीसुद्धा शिकवली नाही. पण पारा बघतात म्हणून पारे, आणि चष्मा लावून वहीत लिहितात म्हणून मास्तर, असं बारसं अंजूरच्या मासळीवाल्या बायकांनी करून टाकलं होतं. कागदोपत्री ते निरीक्षक आणि मी त्यांचा सहायक निरीक्षक. ते मला हाक मारायचे तीसुद्धा "अहो सहायक" अशीच. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला शंका आहे.

हवा, पाऊस, समुद्र आणि समुद्रातले जीव यांच्यावर नजर ठेवणारं एक सरकारी खातं होतं. त्याचं डोकं मुंबईत. तिथे वादळांची, जहाजांची, माशांच्या थव्यांची मोठमोठी कामं चालत. त्याच्या शेपटीचा शेवटचा केस अंजूरच्या खाडीकाठी येऊन टेकला होता आणि त्या केसाच्या टोकाला आम्ही दोघं. मी रुजू झालो तो त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार असेल. ठाणं म्हणजे काय, तर एक खोली, एक पावसाचं मापटं, एक वाऱ्याचा खांब, खाडीत रोवलेली भरती-ओहोटीची पट्टी, आणि चार पायांवर उभी असलेली, झडपांची, पांढरी लाकडी पेटी. पेटीत दोन थर्मामीटर. आमचं दैवत ते. गावात नवा आलेला एक जावई त्या पेटीला नारळ वाढवून गेला होता, हे मी स्वतः पाहिलंय. निदान त्याच्या हातात नारळ होता, इतकं तरी नक्की.

रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पारा वाचायचा. मास्तर दहा मिनिटं आधी पेटीपाशी जात, तोंडावर रुमाल धरत, श्वास कोंडत, झडप उघडत आणि डोळे पाऱ्याच्या बरोबर समोर आणत. आधी दशांश वाचायचा, मग अंश. कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेनं पारा हलतो, आणि हलतो तो आधी दशांशात. "अंश कुठे पळून जात नाहीत हो," ते म्हणत. "निसटतात ते बारके."

ही बारक्यांची काळजी त्यांच्या हाडात भिनली होती. पाऊस कोसळतोय, छपरावर ताशे वाजतायत, मी भिजून कोंबडीसारखा झालोय, आणि मी म्हणालो, "काय धो धो पाऊस," तर ते म्हणणार, "पावसाची वार्ता आहे. मापट्यात मोजल्याशिवाय पाऊस म्हणता येणार नाही." 'खूप', 'जरासा', 'भयंकर' हे शब्द त्यांनी आयुष्यात वापरले नाहीत. एका लग्नाहून परतल्यावर काकूंनी नवरी कशी होती म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पाहिली नाही. मध्ये फेटे होते."

वहीत शेवटचा रकाना होता 'खाडीतील जीव'. त्यात कोणती मासळी लागली, निवट्या चिखलावर आल्या की नाही, बगळे कुठे बसले, हे लिहायचं. जे दिसलं नाही तिथे ते आडवी रेघसुद्धा मारत नसत. जागा कोरी सोडत. एकदा त्यांना ताप होता आणि पट्टीपाशी जाता आलं नाही. मी म्हटलं, कालचाच आकडा टाकतो, एका बोटानं इकडेतिकडे, खाडी काय फिर्याद करायला येणार आहे? अंथरुणातून उठून बसले. "पाहिलं नाही, तर लिहायचं नाही. कोरी जागा खोटं बोलत नाही."

आणि अशा माणसाच्या हाताखाली खात्यानं मला घातलं. मी भिवंडीचा. आमच्याकडे यंत्रमागांचा खडखडाट एवढा, की पोरं बोलायच्या आधी ओरडायला शिकतात आणि नवरा-बायकोचं भांडण खुणांनी चालतं. असल्या गावात माणूस एकाचे चार करून सांगणारच, नाहीतर त्याचं ऐकणार कोण? मी एकाचे चाळीस करायचो. मास्तरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की खाडीत मला बैलगाडीएवढा जिताडा मासा दिसला, त्यानं माझ्या सायकलची घंटी गिळली आणि आता भरतीला पाण्यातून घंटी ऐकू येते. त्यांनी पेन्सिल उचलली आणि गंभीरपणे विचारलं, "किती वाजता ऐकू येते?"

मग त्यांना कळलं मी कोण आहे ते. रागावले नाहीत. त्यांनी एक नियम करून टाकला. "हे बघा सहायक, साडेपाचच्या आधी तुम्ही जे सांगाल ते मी खरं धरणार. साडेपाचनंतर वही बंद, मग तुमची गोष्ट." आणि खरंच, संध्याकाळचा पारा वाचून झाला, कार्बन लावून तीन प्रती झाल्या, पेन्सिल कानावर गेली, की खाडीकडे तोंड करून बसत आणि म्हणत, "हं, सांगा एखादी." मी सांगायचो. ते पोटभर हसायचे. त्यांना पोरबाळ नव्हतं, शेत नव्हतं, गावात मान म्हणावा तर तोही नव्हता. त्यांच्यापाशी एवढंच होतं, की त्यांनी पाहिलं म्हणजे पाहिलं. आणि संध्याकाळची माझी थाप.

आता त्या दोन पाऱ्यांचं सांगतो, कारण माझं सगळं पाप तिथेच आहे. एक पारा कोरडा, तो साधी उष्णता सांगतो. दुसरा ओला. त्याच्या तळाशी मलमलीचं फडकं बांधलेलं असतं आणि फडक्याचा दोरा पाण्याच्या बाटलीत सोडलेला. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि पारा गार होऊन खाली उतरतो. दोन पाऱ्यांत अंतर जास्त, म्हणजे हवा कोरडी. अंतर कमी, म्हणजे हवा ओली. पोरखेळ वाटतो, पण अंजूरच्या बायकांची चूल त्यावर होती. खाडीचा जवळा, म्हणजे बारकी कोलंबी, ताजा आला की तो पसरून सुकवायचा. हवेत ओल असेल तर सुकायच्या आधी नासतो, आणि मग टोपलीभर मेहनत खाडीला परत.

पूर्वी एकदा लखलखीत उन्हात मास्तरांनी बायकांना सांगितलं होतं, "आज पसरू नका." निम्म्या हसल्या. दुपारी खाडीवरून दमट वारा सुटला, आभाळ भरलं, आणि ज्यांनी तो ताजाच विकून टाकला त्या वाचल्या, हसलेल्यांचा जवळा गेला. तेव्हापासून कमळीबाय, म्हणजे त्या सगळ्याजणींची पुढारी, रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ठाण्याच्या कुंपणापाशी उभी राही. "मास्तर, पसरू का न्हाय?" एवढाच प्रश्न. मास्तर कोष्टक काढून, हिशेब करून, हो किंवा नाही सांगत. हे त्यांचं सरकारी काम नव्हतं. पण हो म्हणताना त्यांचे कान लाल होत.

ओल्या पाऱ्याचं फडकं दर सोमवारी बदलायचं असतं. ते काम माझं होतं आणि ते त्यांनीच मला दिलं होतं. त्यांना सकाळी डोक्याला खोबरेल थापायची सवय, आणि फडक्याला तेलाचा बोटभर डाग लागला तरी ते पाणी शोषत नाही. "माझ्या हाताला तेल असतं," ते म्हणाले होते. "तुमच्या हाताला नाही. फडकं तुम्ही बांधा, आणि वहीत बांधल्याची सही करा. मी त्याला हात लावणार नाही." आणि लावला नाही. खात्याकडून वर्षाला एक पाकीट येई; आत सव्वा वार मलमल, जुन्या धोतरासारखी मऊ, धुतलेली. त्यातून रुपयाएवढा तुकडा कापायचा. पहिल्याच सोमवारी त्यांनी बजावलं होतं, "मागावरचं कोरं कापड कधी वापरू नका. त्याला खळ असते. पाणी धरत नाही." मी मान हलवली होती. मान हलवण्यात मी कधीच कुणाला हार गेलो नाही.

दसऱ्याला सासूबाई नाशिकहून येणार होत्या. मी पत्रातून आधीच हाकून ठेवलेलं, की भिवंडी म्हणजे कापडाची खाण, इथे अशी मलमल मिळते की चक्का रात्रीत कसला, तासात सुटतो. सासूबाई आल्या त्या पाच शेर दह्याचा हुकूम करूनच. आणि बायको मला म्हणते, "काढा तुमची मलमल." आमच्या घरात कापड होतं ते सगळं मेहुण्याच्या लूमवरचं, खळीनं असं ताठ, की भिंतीला टेकवून ठेवलं तर पाहुणा उभा आहे असं वाटावं. त्यात दही बांधलं तर खळ उतरून श्रीखंडाची पेज झाली असती. दुकानात जाऊन वारभर मलमल घ्यायला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. पण सासूबाई खाटेवर बसून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी सायकल काढली ती दुकानाकडे न वळवता अंजूरकडे वळवली. ठाण्याच्या कपाटात खात्याचं पाकीट होतं. मी ते खिशात घातलं.

चक्का असा सुटला की सासूबाई गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं त्यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना वाटीभर श्रीखंड नेलं. त्यांनी बोटावर घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मी वाट पाहत राहिलो. "पाण्याचा अंश नाही," ते म्हणाले. "चक्का पूर्ण निथळलाय. वहिनींना सांगा, मी पाहिलं." त्यांच्या तोंडून ह्याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

मलमल तोवर घरी दह्यानं आंबली होती आणि बायकोला ती गाळायला फार सोयीची वाटू लागली होती. सोमवार आला. मी मेहुण्याच्या लूमवरच्या चिंध्यांतून रुपयाएवढा तुकडा कापला, ओल्या पाऱ्याला बांधला आणि वहीत सही केली. कापड ते कापड, थर्मामीटरला काय कळतंय? खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नव्हता.

गुरुवारी जवळ्याचा लोट आला. इतका, की खाडीवर पाणी कमी आणि जवळा जास्त. हे मी वाढवून सांगत नाही, किंवा अगदी थोडंच सांगतो. ऊन ऑक्टोबरचं, डोळे दिपवणारं. वारा जमिनीकडून, सुका. माझे ओठ फुटले होते. कमळीबाय कुंपणाशी आली तीच बोलत आली.

"मास्तर, आज इचारायचं तरी कशाला? वारा बगा कसा सुका हाय. पसरू ना?"

मास्तरांनी पारा वाचला. आधी दशांश, मग अंश. कोष्टक काढलं. पुन्हा जाऊन पारा वाचला. मी त्यांना दोनदा पारा वाचताना कधी पाहिलं नव्हतं.

"पसरू नका," ते म्हणाले. "हवेत ओल आहे. पंच्याऐंशी टक्के."

"मास्तर, अंगाला तर काय ओल लागत न्हाय."

"अंगाचं काय खरं आहे, बाई? अंगाला ताप असला की उन्हात थंडी वाजते. काटा सांगतो ते खरं."

कमळीबाय आभाळाकडे बघत उभी राहिली. मागे एकदा आभाळाचं ऐकून हसलेल्या बायकांचं काय झालं ते तिला आठवत असणार. एवढा लोट ताजा विकला जाण्यासारखा नव्हता; तिनं बाकीच्यांना हातानं खूण केली आणि टोपल्या सावलीत गेल्या. संध्याकाळच्या पाऱ्यानंही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा वास माझ्या सायकलच्या आधी वेशीपर्यंत आला होता. सगळा जवळा गेला. आणि ऊन तसंच, वारा तसाच, कोरडा ठणठणीत.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. दुपारी ते खोलीत बसलेले असताना मी पेटीशी गेलो आणि फडक्याला बोट लावलं. ताठ. पापडासारखं ताठ आणि कोरडं. पाणी धरतच नव्हतं. पाणी धरत नाही तर उडणार काय, आणि उडत नाही तर पारा उतरणार कसा? दोन्ही पारे जवळजवळ एका उंचीवर उभे होते आणि मास्तरांना सांगत होते, हवा ओली आहे, हवा ओली आहे. मला सगळं एका क्षणात कळलं. मी हळूच झडप लावली.

तेव्हाच फडकं बदललं असतं तर? पण संध्याकाळी आकडा एकदम कोसळला असता आणि त्यांनी विचारलं असतं. म्हटलं सोमवारी बदलू. सोमवारी वाटलं, अजून ताजं आहे प्रकरण, पुढच्या सोमवारी. असे तीन सोमवार मी त्या पाऱ्याला ताठ कापड बांधलं आणि तीन सह्या केल्या. कमळीबाय कुंपणापाशी यायची थांबली. साडेआठ वाजले की मास्तर तिकडे एकदा बघत, मग वही मिटत.

मुंबईहून पत्र आलं: ओल्या पाऱ्याचे आकडे शेजारच्या ठाण्यांशी जुळत नाहीत, तपासणीस येत आहेत. पत्र वाचून मी घरी गेलो, स्वयंपाकघरातून ती मलमल उचलली आणि आडावर सात पाण्यांनी धुतली. तपासणीचे साहेब अकराला यायचे होते. पहाटे येऊन मी ते फडकं बांधलं. साहेबांनी आपली यंत्रं लावली, ताडून पाहिली, पाणी पाहिलं, फडकं पाहिलं, म्हणाले, "छान बांधलंय." मग वही उघडली.

"यंत्रात दोष नाही. हे आकडे वाचले कोणी?"

"मी," मास्तर म्हणाले.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला, वयाचं काहीतरी बोलला, एकदा नजर दाखवून घ्या म्हणाला, आणि निरीक्षण पुढे कुणी घ्यायचं ते तुम्हीच ठरवून कळवा, असं सांगून गेला.

मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिवंडीला जाऊन आले. डॉक्टरनं नजर उत्तम म्हणून सांगितलं. मास्तरांना पटेना. "त्यांच्या तक्त्यावरची अक्षरं म्हशीएवढी," ते मला म्हणाले. "दशांशाची रेघ केसाहून बारीक. त्यावर तपासायला हवं." आणि मग त्यांनीच तो उपाय काढला. सात दिवस रोज सकाळी आधी त्यांनी ओला पारा वाचायचा, आपल्या चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची. मग मी वाचायचा, माझ्या चिठ्ठीवर लिहायचं. सातव्या दिवशी चिठ्ठ्या उघडायच्या. "तुमची नजर तरणी आहे," ते म्हणाले. "तुमचा आकडा खरा धरू."

पहिल्या दिवशी पारा होता चोवीस पॉइंट सहा. मी श्वास कोंडून वाचला, आधी दशांश, मग अंश, त्यांनी शिकवलं तसं. पेन्सिल हातात होती. चिठ्ठ्या जुळल्या तर नजर शाबूत ठरणार. नजर शाबूत, यंत्र शाबूत, मग राहिलं काय? फडकं. आणि फडक्याच्या वहीत दर सोमवारी माझी सही. मी लिहिलं, तेवीस पॉइंट दोन.

त्यांची चूक वरच्या बाजूला झाली होती, म्हणून मी रोज खऱ्याहून खालचा आकडा टाकला. दोन दिवस मात्र खरा लिहिला. सगळंच चुकलं की संशय येतो, हे थापाड्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी टेबलावर चौदा चिठ्ठ्या दोन ओळींत मांडल्या आणि एकेक उघडत गेले. तोंडावरची रेघ हलली नाही. सगळ्या उघडून झाल्यावर ते म्हणाले, "ओला पारा पेटीत डावीकडे आहे. म्हणजे डावा डोळा." दोनांतला एकच पारा का चुकला, हा माझ्या खोट्याला जो एक दुवा कमी होता, तोही त्यांनीच शोधून दिला. मग पेन्सिल कानावरून काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

त्या तीन आठवड्यांच्या आकड्यांवर त्यांनी स्वतःच्या हातानं रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'निरीक्षकाचा दृष्टिदोष.' जन्मभर जे पाहिलं तेच लिहिणाऱ्या माणसानं वहीत लिहिलेलं हे एकमेव खोटं, आणि तेही माझं. मग ते खाडीवर गेले. मी मागून गेलो. बायका जाळी झटकत होत्या. मास्तर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, की तुमचं नुकसान माझ्या डोळ्यांनी केलं, काट्यानं नाही. काट्यावरचा विश्वास सोडू नका, आता हे सहायक सांगतील ते ऐका.

कमळीबायनं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या डोल्यांना काय झालं न्हाय, मास्तर. आमीच आमचं अंग सोडून तुमचं ऐकलं. चूक आमची." आणि माझ्याकडे वळून बघितलं. नुसतं बघितलं. मी आकाश पाहू लागलो, खात्याचा माणूस असल्यासारखा.

मास्तरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि वळ गावी, भावाच्या घराशेजारी राहायला गेले. पेटी माझी झाली. मी ती नीट सांभाळली; मऊ फडकं, दर सोमवारी. कुणी विचारायला मात्र आलं नाही. साडेपाचनंतर खाडीकडे तोंड करून बसलो, तरी गोष्ट सांगायला समोर कुणी नव्हतं.

चार-पाच वर्षांनी, आणीबाणी येऊन गेली होती, एका रविवारी मी मनाशी ठरवलं आणि वळ गावी गेलो. चारच्या सुमाराला पोचलो. त्यांच्या दारात सायकल लावली आणि पाय आत जाईना. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मग दुसरा घेतला. चहावाल्याला एक थापही मारली, अशी की तो दूध उतू घालवून बसला. एवढी हिंमत अंगात होती आणि दहा पावलं चालण्याइतकी नव्हती. शेवटी आत गेलो. मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, डाव्या डोळ्यावर हिरवी कापडी पट्टी. "त्याला विश्रांती देतो," म्हणाले. धडधाकट डोळा चार-पाच वर्षं झाकून बसले होते.

मी सगळं सांगितलं. पाकीट, दही, सासूबाई, खळ, तीन सोमवार, सात पाण्यांनी धुतलेली मलमल, चौदा चिठ्ठ्या. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. एवढ्या साध्या शब्दांत मी आयुष्यात बोललो नव्हतो. माझाच आवाज मला परका वाटत होता. सांगून झालं तेव्हा मान वर करायची छाती होत नव्हती. मग त्यांच्या खुर्चीतून तो ओळखीचा आवाज आला. ते हसत होते.

"किती वाजले?" त्यांनी काकूंना विचारलं.

"पावणेसहा," काकू म्हणाल्या.

"पंचेचाळीस... पाच," ते समाधानानं म्हणाले. "वेळ पाळलीत. साडेपाचनंतरच सुरू केलीत."

"मास्तर, ही गोष्ट नाही. खरं आहे हे."

"घंटी गिळणारा जिताडाही खरा होता." त्यांनी पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या तळव्याला खोबरेलाचा वास होता. "मला बरं वाटावं म्हणून रचलीत, ते कळतं मला. इतक्या लांब सायकल मारत आलात. पण फडकं बदललेलं कुणी पाहिलं? मी नाही पाहिलं. तुमच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या."

मी शपथ घेतली, बायकोची, पोरांची. शपथांवर ते आणखी हसले. त्या जिताड्याच्या वेळीही मी ह्याच घेतल्या होत्या. काकू चहा ठेवून आत गेल्या. अंधार पडायच्या आत निघा, रस्त्यात ट्रक असतात, म्हणून मास्तरांनीच मला उठवलं. पट्टी सावरत, भिंतीला हात लावत फाटकापर्यंत आले.

मी सायकलवर टांग टाकली तेव्हा त्यांना काहीतरी आठवलं.

"अहो सहायक, त्या वर्षीचं ते श्रीखंड," ते म्हणाले, "ते मात्र खरंच उत्तम होतं. ते मी चाखलं होतं."